डावा दरवाजा

भाताची आवणी ऐन भरात आली होती. घोटीच्या पट्ट्यात जिकडंतिकडं खाचरं चिखलून तयार होती, रोपं लावायच्या मापाची झाली होती, आणि लावायला बाया मिळत नव्हत्या. अशा दिवसांत गोरक्षच्या जुन्या व्हॅनला उसंत नसायची. उजाडता उजाडता तो त्र्यंबकच्या अंगाला डोंगरातल्या पाड्यावर जायचा, आवणीच्या बाया गाडीत घ्यायचा आणि ज्याच्या शेतावर त्या दिवसाचं काम असेल तिथं आणून सोडायचा. मागचं सीट काढून टाकलेलं होतं. बाया पोत्यांवर दाटीवाटीनं बसायच्या. पुढं त्याच्या शेजारी तानुबाई. टोळी तिची होती. कुणाच्या शेतावर जायचं आणि कुणाला नाही म्हणायचं, ते तीच ठरवायची. वयानं ती गोरक्षच्या आईच्या खालोखाल असेल. तो तिला मावशी म्हणायचा.

त्या सकाळी पाऊस बारीक होता पण थांबत नव्हता. घाटाखालच्या वळणावर म्हशी रस्त्यात आल्या म्हणून एक पांढरी कार उभी होती. गोरक्षनं ब्रेक दाबला, पण चाकांनी रस्ता धरला नाही. व्हॅन सावकाश घसरत गेली आणि कारच्या मागच्या अंगाला जाऊन भिडली. आवाज फार मोठा झाला नाही. तेलाचा रिकामा डबा पायाखाली चेपावा, तेवढाच. मागं बाया एकमेकींवर गेल्या, त्यातली एक हसलीसुद्धा. तानुबाईनं पुढं हात टेकला होता. तिनं तो काढून मांडीत घेतला.

कारमधून महेश उतरला. घोटीत त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि गोरक्ष त्याचं बऱ्याच वर्षांचं गिऱ्हाईक. कार त्यानं उन्हाळ्यात घेतलेली, बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुरतं गेलं नव्हतं. छत्री धरून तो मागं आला, वाकून बघितलं. बंपर चेपला होता, उजवा मागचा दिवा फुटून रस्त्यावर पडला होता. त्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि मग व्हॅनचा विमा मागितला.

विमा उन्हाळ्यातच संपला होता. आवणी झाली की भरू, असं नवरा-बायकोचं ठरलेलं. गोरक्षनं ते तसंच सांगितलं.

महेश ओरडला नाही. लायसन दे म्हणाला, आणि गोरक्षनं दिलं. ते त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं. गाडी नीट झाली की घेऊन जा, तोवर माझ्याकडं राहू दे, एवढं बोलून तो निघून गेला. आपण ते इतक्या सहज का दिलं, असं गोरक्षला पुढं बऱ्याचदा वाटलं. त्या वेळी मात्र काहीच वाटलं नव्हतं. म्हशी अजून रस्त्यातच होत्या. त्यानं फुटलेल्या काचा पायानं कडेला सारल्या आणि बायांना कामावर नेऊन सोडलं.

उतरताना तानुबाई हात छातीशी धरून उतरली. लागलं का, असं त्यानं विचारलं. मुरगाळला असंल, म्हणाली.

बिल चार-पाच दिवसांनी मोबाइलवर आलं. गोरक्ष ओटीवर पाय धूत होता. पायाच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, पाणी लागलं की चरचरायच्या. त्याच्या बायकोनं, चंद्रभागानं, चुलीपाशी बसून बिल वाचलं. ती दहावी झालेली, घरातलं वाचणं-लिहिणं तीच बघायची. खालचा आकडा वाचला आणि फोन थोडा वेळ तसाच हातात धरून बसली. अठ्ठेचाळीस हजार.

मग ती पुन्हा वरून वाचू लागली. बंपर, दिवा, डिकीचं झाकण, रंग. त्याखाली डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा, ठोकून सरळ करणं आणि रंगवणं. त्याखाली आणखी काही.

"तुमी मागनं धडकलात ना?" तिनं विचारलं.

"मागनंच."

"मंग पुढचा दरवाजा कसा चेपला?"

गोरक्ष खोबरेल तेल घेऊन बोटांच्या बेचक्यांत लावत बसला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. चंद्रभागानं भाकरी थापायला घेतली. काही वेळानं ती म्हणाली की जेवढं आपण फोडलं तेवढं भरू, मग व्हॅन विकायला लागली तरी. पण त्याचा दरवाजा आपण का भरायचा? एवढं बोलून तिनं विषय टाकला. जेवताना दोघं दुसरंच काही बोलले, रोप कमी पडेल की काय ते.

दुसऱ्या दिवशी बायांना सोडून गोरक्ष दुकानावर गेला. दुकानात गर्दी होती. युरिया आला होता आणि लोक आधार कार्डं हातात घेऊन उभे होते. महेशनं त्याला बघितलं, मानेनं थांब म्हणून खुणावलं. गोरक्ष पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला. माणसं येत होती, अंगठा लावत होती, पोतं उचलून जात होती. खताच्या वासानं त्याचे डोळे चुरचुरू लागले. पाठीवरची प्लॅस्टिकची घोंगशी निथळून पायाशी थारोळं झालं. दुकानातल्या पोरीनं येऊन त्याला जरा बाहेर उभं राहायला सांगितलं, पोती भिजतील म्हणून. तो बाहेर वळचणीला जाऊन उभा राहिला.

गर्दी हटल्यावर महेशनं बोलावलं. गोरक्षनं दरवाजाचं विचारलं. महेश म्हणाला, बिल मी छापलेलं नाही, गॅरेजवाल्यांनी दिलंय. धक्का बसला की गाडीची सगळी बॉडी हलते, तुला त्यातलं काय कळतंय. तो चिडून बोलत नव्हता. थकलेला दिसत होता. पहाटेपासून तो लोकांना तोंड देत होता. कारवरून घरातही काही बरं चाललेलं नसावं. म्हणाला, बायको म्हणते गाडी घेतली आणि लगेच अपशकुन झाला.

गोरक्षनं मग युरियाचं विचारलं. दोन गोण्या लागणार होत्या.

"संपला," महेश म्हणाला.

मागं युरियाची थप्पी छातीएवढी होती. दोघांनीही तिकडं बघितलं नाही. गोरक्ष बाहेर आला, व्हॅन चालू करून बराच वेळ तसाच बसला. काचेवरचा वायपर एकच बाजू पुसत होता. राग यायला हवा होता, पण येत नव्हता. फक्त मान दुखत होती.

लावणी झालेल्या खाचरात युरिया वेळेवर पडला नाही तर रोप पिवळं पडून बसणार होतं. चंद्रभागा रोज संध्याकाळी बांधावर उभी राहून बघायची. त्याच आठवड्यात तानुबाईची टोळी गोरक्षच्याच शेतावर उरलेली खाचरं लावायला आली, तेव्हा चंद्रभागा त्यांच्यासोबत लावायला उतरली. आणि तिथं तिनं तानुबाईचा हात बघितला.

बाया ओळीनं वाकून मागं मागं सरकत होत्या. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चार काड्या चिखलात खोवायच्या. तानुबाई कडेला, बांधाच्या अंगाला होती. तिनं मूठ काखेत दाबून धरली होती आणि डाव्या हातानं लावत होती. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं. फडक्याच्या वर-खाली हात फुगून टरटरीत झाला होता, बोटं काळीनिळी. ती मागं पडत होती, तर शेजारची बाई काही न बोलता तिच्या एक-दोन ओळी आपल्यात ओढून घेत होती.

दुपारी भाकर खाताना चंद्रभागानं फडकं सोडायला सांगितलं. तानुबाईनं सोडलं नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्यानं पाला बांधलाय, उतरंल, म्हणाली. दवाखान्यात का गेली नाहीस, तर म्हणाली की मी घरी बसले तर टोळी दुसरीच्या मागं जाती. वर्षाची भाजी-भाकरी ह्याच महिन्यावर हाय.

चंद्रभागानं संध्याकाळी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आवणी उरकली की नेऊ दवाखान्यात, म्हणाला. त्याला उद्या नाशिकला जायचं होतं, गॅरेजमध्ये.

गॅरेज नाशिकमध्ये, पाथर्डी फाट्याच्या पुढं होतं. गोरक्ष एस.टी.नं गेला, लायसन नसताना हायवेला व्हॅन घालायचं धाडस झालं नाही. गॅरेज म्हणजे काचेचं मोठं दुकानच. वॉचमननं आधी गाडी कुठं आहे म्हणून विचारलं. गाडी दुसऱ्याची आहे, म्हटल्यावर त्याला बाजूला बसवलं. आत गेला तर पांढऱ्या फरशीवर त्याच्या चपलांचे चिखलाचे ठसे उमटले. एक बाई पोछा घेऊन त्याच्या मागोमाग पुसत आली. तो उभा राहिला की तीही उभी राहायची. त्यानं चपला काढून हातात घेतल्या.

काउंटरवर निकिता नावाची मुलगी होती. ती त्याला सर म्हणाली. महेशचा माणूस समजली असावी, कारण तिनं लगेच कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवून गाडीचे फोटो दाखवले. गोरक्षनं दरवाजावर बोट ठेवून विचारलं, हे कशानं झालं.

"हा तर आधीचाच आहे ना सर," ती म्हणाली. "गेटला घासला होता. ते म्हणाले, आता गाडी आलीच आहे तर सगळं एकदम करून टाका."

क्लेम का केला नाही, असं गोरक्षनं विचारलं. त्याला क्लेममधलं फार काही कळत नव्हतं, पण एस.टी.तल्या शेजारच्या माणसानं तसं विचार म्हणून सांगितलं होतं. निकिता म्हणाली की गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे, नाशिकमधल्या एका डॉक्टरांच्या. कागद बदलले नाहीत, म्हणून विमा बसत नाही, म्हणून रोख. मग तिला काहीतरी लक्षात आलं. तुम्ही त्यांचे कोण, असं तिनं विचारलं. गोरक्षनं खरं ते सांगितलं. तिनं कॉम्प्युटर परत आपल्याकडं वळवून घेतला आणि यापुढचं त्यांच्याशीच बोला, असं म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. मी तुमचं नाव घेणार नाही, असं गोरक्ष म्हणाला, आणि बाहेर येऊन त्यानं चपला घातल्या.

बैठक निवृत्तीबाबांच्या ओटीवर झाली. निवृत्तीबाबा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, गावातली गाड्यांची भांडणं त्यांच्याकडंच जायची. महेश भाच्याला घेऊन आला होता. गोरक्षबरोबर चंद्रभागा होती आणि तानुबाई. धक्का कुठं बसला हे सांगायला साक्षीदार हवा म्हणून गोरक्षनंच तिला आणलं होतं. ती खांबाला टेकून खाली बसली, उजवा हात पदराखाली.

महेशनं बिल पुढं केलं. मग गोरक्ष बोलला. त्यानं ते एस.टी.त येताना आणि रात्री पडल्या पडल्या मनात इतक्यांदा म्हटलं होतं की बोलताना आवाज दुसऱ्याचाच वाटला. बंपर माझा, दिवा माझा, झाकणाचा पोचा माझा. त्याचं काय होईल ते देतो. दरवाजा गेटला घासलेला आहे, तो माझा नाही.

महेश लाल झाला. कोण म्हणतं असं, त्यानं विचारलं. गोरक्षनं नाव घेतलं नाही. मग महेश म्हणाला की पोलिसातच जाऊ. विमा नाही, खासगी गाडीत बाया कोंबून भाडं मारतो, गाडी जप्त होईल तेव्हा समजेल.

"चला," गोरक्ष म्हणाला. "कार कुनाच्या नावावर हाय, तेबी तितंच सांगू."

भाच्यानं मामाकडं बघितलं. महेशनं चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. निवृत्तीबाबांनी बिल डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि तानुबाईला विचारलं की तू पुढं बसली होतीस, काय झालं ते सांग. तिनं सांगितलं. म्हशी, ब्रेक, घसरलेली गाडी, मागच्या अंगाला बसलेला धक्का. कारचं पुढलं अंग लांब होतं, त्याला काही शिवलं नाही, म्हणाली.

"तुम्हां बायांत कुणाला लागलं का?" निवृत्तीबाबांनी विचारलं. ते सहजच विचारत होते, गाडीवाल्याच्या सवयीनं. पण महेशनं मान वर केली.

तानुबाईनं गोरक्षकडं बघितलं. गोरक्ष जमिनीकडं बघत होता. फरशीच्या फटीतून मुंग्या चालल्या होत्या. लागलं म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, पोलीस, दवाखाना, गाडीची जप्ती, हे त्याला कळत होतं, आणि तिलाही कळलेलं होतं. त्यानं तोंड उघडलं नाही.

"नाय," तानुबाई म्हणाली. "कुणाला काय नाय."

चंद्रभागा उठून आत गेली. निवृत्तीबाबांच्या सुनेनं चहा केला होता, तो तिनं बाहेर आणला. सगळ्यांना कप दिले. तानुबाईला देताना तिनं तो डाव्या हाताच्या बाजूला नीट धरला.

दरवाजा आणि त्याच्याखालचं सगळं बिलातून काढायचं ठरलं. उरलं ते निम्म्याहून कमी होतं. भात निघाल्यावर द्यावं, असं निवृत्तीबाबा म्हणाले. महेशनं कबूल केलं. खिशातून लायसन काढून त्यानं ओटीवर ठेवलं. ते घामानं जरा वाकलं होतं. जाता जाता तो पायरीवर थांबला आणि युरिया घेऊन जा उद्या, असं गोरक्षकडं न बघता म्हणाला.

गोरक्षनं लायसन घेतलं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. गाडीत बसताना तानुबाईला दार ओढून घेता येईना, ते त्यानं बाहेरून लावलं.

सकाळी चंद्रभागा चुलीपुढून न उठता म्हणाली, "मावशीला दवाखान्यात न्या. आजच."

"आज निवृत्तीबाबाच्या शेतावर बाया..."

"आजच."

त्यानं बायांना सोडलं आणि तानुबाईला तसंच नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं. ती नको म्हणाली, पण उतरली नाही. रांगेत दुपार झाली. फोटो काढला. तरुण डॉक्टर होता. त्यानं फोटो उजेडाकडं धरून विचारलं की इतके दिवस काय करत होता. गोरक्ष म्हणाला, आवणी. डॉक्टरला ते कळलं नसावं. हाड मोडलेलं होतं आणि वाकडं सांधायला लागलं होतं. ऑपरेशन करून बसवता येईल, नाहीतर प्लास्टर घालू, पण मग मनगट पूर्ण फिरणार नाही. किती दिवस राहावं लागेल, असं तानुबाईनं विचारलं. डॉक्टरनं सांगितलं. तिनं मान हलवली.

"पिलास्टरच घाला."

गोरक्षनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पैशाचं बघू नको, ते मी बघतो. दरवाजाचे वाचलेत. हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तानुबाई बाकावर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा डाग खरवडत होती. माझं वरचं खाचर अजून पडीक हाय, म्हणाली. रोप म्हातारं व्हाया लागलंय. मी हितं झोपले तर ते कोन लावनार?

प्लास्टर घातलं. परतताना घोटीत थांबून त्यानं तिला चहा-पाव घेऊन दिला. महेशच्या दुकानावरून जाताना कार बाहेर उभी होती, नव्या बंपरची, पावसात चकचकीत.

दोन दिवसांनी गोरक्ष आणि चंद्रभागा व्हॅन पाड्याखाली लावून डोंगर चढून गेले. तानुबाईचं खाचर लहान, उताराला, दगडी बांधाचं. तिच्या नातवानं बैल लावून चिखलणी करून ठेवली होती. टोळीतल्या बाया खाली कामावर गेल्या होत्या. त्यांचा खाडा तिनं होऊ दिला नव्हता. वारं होतं, आणि पाऊस तिरका येत होता. पाणी बर्फासारखं थंड.

चंद्रभागानं पदर खोचला आणि उतरली. गोरक्षनं आवणी पोरवयात केली होती, पुढं कधी नाही. ते बायांचं काम. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उभा राहिला. तानुबाई बांधावर बसली, प्लास्टरवर खताची रिकामी पिशवी बांधून. डाव्या हातानं ती रोपांच्या मुठी फेकत होती. नेम चुकायचा, मूठ लांब पाण्यात पडायची. तो जाऊन उचलायचा.

दुपारपर्यंत कंबर धरली. सरळ होताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. चंद्रभागा बरीच पुढं निघून गेली होती, तिची ओळ खालच्या बांधाला लागली होती. गोरक्ष तानुबाईच्या जवळ, बांधाकडेला होता. त्यानं मूठ घेतली आणि तो तसाच उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी बाबांच्या ओटीवर..."

पावसाचं पाणी नाकावरून तोंडात येत होतं. तानुबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि माया पण नव्हती. सकाळपासून ती अशीच खाचराकडं बघत होती, किती झालं, किती राहिलं.

"दिस जातोय," ती म्हणाली. "हात चालव."

तो वाकला. बोटं गारठून लाकूड झाली होती, काडी चिमटीत आली की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. तो डोळ्यांनी बघून, एकेक करून, चिखलात खोवत मागं सरकत राहिला.